भात जहाजावर, कावळा किनाऱ्यावर

व्यासराजरावांनी आयुष्यभर वस्तू नापास केल्या. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मोटारींचे ब्रेक बनत, आणि त्यांतला कुठला भाग लाल पेटीत फेकायचा हे ठरवण्यासाठी कंपनी त्यांना पगार देई. निवृत्तीनंतर पेटी गेली, सवय राहिली. शहरातल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये बसून ते इडली, जावई, नगरपालिका, हवामान, जे हाती लागेल ते नापास करत. त्यांची पत्नी भवानीबाई फार वर्षांपूर्वीच एकदा नापास होऊन मोकळ्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना आता कशाची भीती उरली नव्हती.

पण सगळ्यांत ठार नापास होते ते खालच्या मजल्यावरचे शेषाद्री. तेही तंजावरकडचेच मराठी, तेही निवृत्त. त्यांच्यावर दोन आरोप होते. पहिला कॅमेऱ्याचा. शेषाद्रींकडे दुधाच्या कॅनएवढी लांब लेन्स होती, आणि तिच्यातून ते पक्षी, प्राणी, फुलपाखरं टिपत. चित्रात बहुधा पक्षी नुकताच उडून गेलेली फांदी असे. दुसरा आरोप कॉफीचा, आणि तो गंभीर होता. व्यासराजरावांचे वडील सुब्बाराव रोज सकाळी काठी टेकत एक मजला उतरून शेषाद्रींकडे कॉफी प्यायला जात. स्वतःच्या घरी कॉफी तयार असताना. का, असं विचारलं तर म्हणत, "आपल्या घरीं चिकोरी फार आहे रे." व्यासराजरावांनी चिकोरीची भेसळ नसलेली कॉफीची पूड आणली, दूध बदललं, फिल्टर पितळेचा आणला. अप्पा शेवटपर्यंत काठी टेकत खालीच गेले. ते वारल्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या घरात व्यासराजरावांनी अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तरीही हे दोघं आणि शेषाद्री एकाच क्रूझवर गेले, ते भवानीबाईंमुळे. शेषाद्रींनी जिन्यात फोनवर त्या जहाजाची चित्रं दाखवली. चेन्नईहून निघायचं, श्रीलंकेला थांबायचं, मग खाली दक्षिणेला कुठलीकुठली बेटं, आणि वाटेत देवमासे, डॉल्फिन, कासवं. भवानीबाई म्हणाल्या, "जाऊं या." व्यासराजराव म्हणाले, "मासे कासिमेडूच्या बाजारांतही दिसतात." भवानीबाईंनी मग ज्या नजरेने पाहिलं, तिच्यापुढे लाल पेटीचा उपयोग नव्हता.

मग इमारतीने सल्ले दिले. समोरच्या नंदिताने आलेपाक दिला. गच्चीवरच्या खोलीतल्या रंगा नावाच्या गृहस्थांनी सांगितलं की जहाजात रात्रंदिवस पाव देतात आणि पोट कायमचं बिघडतं, तेव्हा भाताचा कुकर न्यावाच. तळमजल्यावरच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी बुडणाऱ्या जहाजात कुठल्या बाजूला पळायचं ते कागदावर आकृती काढून समजावलं. ते स्वतः मरीनाच्या पुढे पाण्यात कधी गेलेले नव्हते. व्यासराजरावांनी आलेपाक आणि आकृती नापास केली आणि कुकर तेवढा घेतला. तो बंदरावरच्या सुरक्षा तपासणीत जप्त झाला. तपासनिसाने त्याला हलवून पाहिलं, वास घेतला, आणि परतल्यावर न्या म्हणून चिठ्ठी फाडून दिली. ज्या माणसाने हजारो वस्तू बाजूला काढल्या त्याची स्वतःची वस्तू चारचौघांत बाजूला काढली गेली, आणि हे सगळं शेषाद्रींनी पाहिलं.

खरा घोळ मात्र जहाज सुटल्यावर झाला. चेन्नईचे दिवे मागे पडत होते, फोनची रेघ शेवटची उरली होती, आणि वेंकटरमणाचारांचा फोन आला. आचार म्हणजे त्यांच्या घरची श्राद्धपक्ष करणारे भटजी.

"राव, येत्या बुधवारीं किती जण मणून सांगूं? केळीचीं पानं तुमी आणणार कीं मी आणूं?"

"कसलीं पानं?"

"सुब्बारावांचा दिवस नाहीं का. माघ वद्य नवमी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चेन्नईतल्या या घरांमध्ये दोन कालगणना नांदतात. दूध, गॅस, राहुकाल, सुट्ट्या हे सगळं किराणावाल्याने फुकट दिलेल्या तमिळ कॅलेंडरवर चालतं, आणि ते सूर्याप्रमाणे. मेलेली माणसं मात्र आपल्या पंचांगावर, चंद्राप्रमाणे. दरवर्षी तिथी आचार काढून देत. यंदा व्यासराजरावांना दुसऱ्याच्या मोजमापावर विसंबणं पटलं नाही. त्यांनी भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर घेतलं, आपला माघ म्हणजे त्यांचा मासी असा हिशेब धरला, मासीतली वद्य नवमी काढली. ती परत आल्यानंतर पुष्कळ पुढे होती. त्यांनी समाधानाने तिकिटं काढली. यंदा आपल्या माघातली वद्य नवमी मासी लागायच्या आधीच येत होती, हे त्यांच्या तपासणीतून सुटलं.

जहाज सुटलं आहे, बुधवारी आपण घरी नसणार, असं व्यासराजरावांनी कबूल केलं. आचार म्हणाले, "सेरि, ठीक. बाकीचं अमावास्येला करूं. पण त्या दिवशीं भाताचा पिंड तेवढा कावळ्याला ठेवा. कावळा शिवेस्तोवर तुमी दोघं जेवूं नका. हें चुकलं तर अप्पा उपाशी राहतील, मग मला विचारूं नका." आणि रेघ गेली.

भवानीबाईंनी शांतपणे समुद्राकडे पाहिलं. "इथें कावळा कुठें आहे?"

"मिळेल. पण एक सांगतों. हें त्या शेषाद्रीला कळतां कामा नये."

"कां? ते काय कावळा पळवणार अहांत?"

"बापाची तिथी चुकलों मणून सगळ्या मांबलममध्यें सांगेल." भवानीबाईंना वाटलं की शेषाद्री असं काही करणार नाहीत, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच भीती दिसली, म्हणून त्यांनी मान डोलावली.

जहाजावर वन्यजीवांची माहिती द्यायला उन्मेष नावाचा पुण्याचा तरुण होता. खिशाखिशांची पँट, गळ्यात दुर्बीण, आणि देवमाशांबद्दल तो घरच्या माणसांसारखं एकेरीत बोले. रोज सकाळी तो डेकवर उभा राहून प्रवाशांना विचारी, आज तुम्हाला काय पाहायचंय? बायका कासव म्हणत, मुलं शार्क म्हणत. हे प्रवासी आदल्या रात्री पाच प्रकारच्या मिठायांवर तुटून पडलेले असत आणि सकाळी निसर्गाबद्दल हळवे होत. व्यासराजराव पुढे झाले.

"कावळा."

उन्मेषला वाटलं, काका चेष्टा करतात. "कावळा तुमच्या घराबाहेर असतो ना, काका."

"घराबाहेर असतो. मी इथें आहें."

"तुमचं मराठी किती गोड आहे हो. कुठलं?"

"तुमच्या पुण्याच्या आधीचं आहे. बेटावर कावळा असतो कीं नाहीं तेवढं सांगावा." उन्मेषने सांगितलं की बेटांवर सगळीकडेच असतात, आणि हा नवा रसिक कोण म्हणून कौतुकाने पाहत राहिला.

पहिला थांबा त्रिंकोमलीला होता. धक्क्यावर पाय ठेवला तोच कावळे. गोदीच्या कठड्यावर, क्रेनवर, बसच्या टपावर. मांबलमपेक्षा धष्टपुष्ट, आणि तितकेच उर्मट. बाकीची मंडळी हत्ती पाहायला बसमध्ये चढली, तेव्हा व्यासराजराव एका कावळ्यासमोर उभे राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. त्यांना पहिल्यांदाच एखादी वस्तू पास करावीशी वाटत होती. पण तिथी अजून यायची होती. कावळा होता, दिवस नव्हता. हत्तींनी आंघोळ केली, शेषाद्रींनी लेन्स रोखली आणि चित्रात हत्तीचा एक कान आणि पुष्कळ पाणी आलं. व्यासराजराव म्हणाले, "हत्तीची शेपूट कुठें आहे?" आणि त्यांना थोडं बरं वाटलं.

मंगळवारी ते जहाजाच्या स्वागतकक्षात गेले. तिथे सौम्या नावाची कोइंबतूरची मुलगी हसतमुखाने बसलेली होती. उद्यासाठी वेगळ्या भांड्यात, मीठ न घातलेला, कुणी न चाखलेला साधा भात हवा, असं त्यांनी तमिळमध्ये सांगितलं. तिने विचारलं, पथ्य कुणाला आहे, सर?

"कावळ्याला."

सौम्याच्या संगणकात लहान मूल होतं, मधुमेही होता, जैनही होता, कावळा नव्हता. तिने वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने विचारलं, कावळा आपल्या खोलीत आहे का, कारण पाळीव प्राण्यांना परवानगी नाही. व्यासराजराव म्हणाले, कावळा अजून आलेला नाही. वरिष्ठ म्हणाला, मग तो येणार कुठून? हाच प्रश्न भवानीबाईंनीही विचारला होता, आणि तो परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना व्यासराजरावांचे कान तापले. शेवटी त्यांनी बेटावर नेऊन ठेवणार असं सांगितलं. तेव्हा वरिष्ठाने सौम्यपणे हात जोडले. शिजवलेलं अन्न जहाजातून किनाऱ्यावर नेता येत नाही. बेटाचा नियम आहे. कण्याकोंड्यातूनही रोगराई जाते.

म्हणजे भात जहाजावर, कावळा किनाऱ्यावर, आणि मध्ये नियम. व्यासराजरावांनी नोकरीत स्वतः असे नियम केले होते आणि लोक चिडले की त्यांना आनंद होई. आता तो आनंद कुणाला होतो आहे ते त्यांना समोर दिसत होतं.

बुधवारी सकाळी भात आला. पांढरा, मोकळा, आणि वर लिंबाची चकती व कोथिंबिरीसारखा कसलासा परदेशी पाला. भवानीबाईंनी चकती उचलून बाजूला ठेवली. "अप्पांना सजावट आवडत नसे," एवढंच त्या म्हणाल्या. दोघांनी आंघोळ केली होती, पोटात काही नव्हतं. भाताचे तीन मुटके वळून, तीळ लावून व्यासराजरावांनी ते स्वतःच्या दुर्बिणीच्या चामडी डबीत भरले. चामडं चालतं का यावर नवराबायकोची कुजबुज झाली. चालत नाही यावर एकमत झालं, तेव्हा आत सौम्याकडून मागून आणलेल्या केळीच्या पानाचा तुकडा घातला. दुर्बीण भवानीबाईंच्या गळ्यात गेली. नाव किनाऱ्याला लागेपर्यंत व्यासराजराव डबी छातीशी धरून बसले होते, आणि समोर बसलेले शेषाद्री विचारत होते, "राव, तब्येत बरी आहे नं? सकाळीं जेवणघरांत दिसला नाहींत."

"पोट." व्यासराजराव म्हणाले.

बेट सुंदर होतं, म्हणजे फोनवर होतं तसंच होतं. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि वाळूत स्वतःचीच छायाचित्रं काढणारी माणसं. व्यासराजरावांनी आकाशाकडे पाहिलं. माडाकडे पाहिलं. भोजनगृहाच्या मागे कचऱ्याच्या पेट्या असतात तिथे गेले. पेट्या स्वच्छ होत्या, आणि त्यांच्यावर कावळा नव्हता. त्यांनी बेटाच्या व्यवस्थापकाला गाठलं. तो अभिमानाने म्हणाला, "एकही नाही, सर. पाहुण्यांची तक्रार होती. टेबलावरचे बटाटे उचलून न्यायचे. आम्ही सगळे काढून टाकले."

व्यासराजराव त्याच्याकडे पाहत राहिले. ब्रह्मदेवाने केलेल्या बेटावर फक्त एका गोष्टीची गरज होती, आणि ती या माणसाने पाहुण्यांच्या बटाट्यांसाठी काढून टाकली होती.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. एका निवांत कोपऱ्यात, दक्षिणेकडे तोंड करून, वाळूवर पान मांडलं, मुटके ठेवले आणि मांबलमच्या गच्चीवर घालत तशी हाक घातली. का, का, का. माडात उलटी लटकलेली मोठी वटवाघळं हलली. पानाशी पहिल्यांदा शंखात राहणारे खेकडे आले, एकामागून एक, आपली घरं ओढत. मग एक राखाडी बगळा आला आणि मान तिरकी करून उभा राहिला.

"हा चालेल का?" भवानीबाईंनी विचारलं. भुकेने त्यांचं डोकं दुखत होतं. "चोच आहे. पंख आहेत. अप्पांसारखा बारीकही आहे."

"भवानी, अप्पा मासे खात नसत."

खेकड्याने एक मुटका शंखाखाली ओढला. व्यासराजराव त्याला हुसकायला ओणवे झाले, बगळ्याने तेवढ्यात दुसरा उचलला, चाखला आणि थुंकला. आणि मागून शिट्टी वाजली. बेटाचा पहारेकरी, त्याच्यामागे उन्मेष, त्याच्यामागे जहाजावरचे तीसेक प्रवासी, कासवाची अंडी पाहायला निघालेले.

"काका, वन्यजीवांना खायला घालायचं नसतं," उन्मेष मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना धडा मिळावा म्हणून. "असं केलं की त्यांच्या सवयी बिघडतात." ज्या माणसांनी नाष्ट्याला आठ प्रकारची चीज खाल्ली होती त्यांनी व्यासराजरावांकडे नाराजीने पाहिलं. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली की असं कधी करू नये हं. पहारेकऱ्याने पिशवी पुढे केली. व्यासराजरावांना वाळूतून भाताची शितं एकेक वेचून तिच्यात टाकावी लागली. वडिलांच्या श्राद्धाचा भात. शेषाद्री गर्दीत होते, गळ्यात लेन्स होती, पण त्यांनी ती उचलली नाही. ते नुसते पाहत होते, आणि व्यासराजरावांना ते चित्र काढण्यापेक्षा जास्त लागलं.

नाव जहाजाकडे परतली. दुपार कलली होती. जहाजावर जेवणाचा वास सगळ्या जिन्यांतून वर येत होता. उरलेल्या भाताचं भांडं भवानीबाई हातात घेऊन बसल्या होत्या.

"जेवून घे तूं," व्यासराजराव म्हणाले.

"तुमी?"

"मी कावळ्याशिवाय नाहीं." मग हळू म्हणाले, "अप्पा असतांना त्यांनीं माझ्या घरची कॉफी घेतली नाहीं. आतां भातही नाहीं."

भवानीबाईंनी इतक्या वर्षांत नवऱ्याचा असा आवाज ऐकला नव्हता. त्या काही म्हणणार तोच वरून आवाज आला. काव.

दोघं ताडकन उठले. वर अगदी शेवटच्या डेकवर, धुराड्यामागे, जिथे कुणी जात नाही कारण तिथून समुद्र दिसत नाही, तिथे कठड्यावर एक कावळा बसला होता. मानेला राखाडी पट्टा, चोचीत बटाट्याची तळलेली फोड. त्याच्यासमोर उपड्या बादलीवर शेषाद्री.

शेषाद्री ओशाळले. "कुणाला सांगूं नका, राव. एवढी लेन्स घेऊन आलों आणि कॅमेऱ्यांत सगळीं चित्रं याचींच अहांत. हा चेन्नईच्या धक्क्यावरूनच चढला. मी पाहिलं. रोज येऊन दोन फोडी घालतों. हा एकच प्राणी माझ्यासाठीं थांबतो."

पहिल्या दिवसापासून. एक डेक वर. एकदा तोंड उघडलं असतं तर. भवानीबाईंनी भाताचं भांडं नवऱ्याच्या हातात दिलं. व्यासराजरावांनी घसा साफ केला. आज अप्पांची तिथी आहे, आणि ती मी चुकलों, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर यायला बराच वेळ लागला. शेषाद्री हसले नाहीत. बादलीवरून उठले आणि चपला काढून उभे राहिले.

व्यासराजरावांनी पानाचा उरलेला तुकडा मांडला, भांड्यातल्या भाताचा पिंड ठेवला, हाक घातली. कावळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. पिंडाकडे पाहिलं. मग मान वळवून शेषाद्रींकडे पाहिलं.

"अप्पा, जेवा," व्यासराजराव म्हणाले. कावळा हलला नाही. "अमावास्येला सगळं रीतसर करतों." नाही. "पुढल्या वर्षीं आचारांना विचारीन. स्वतः मोजणार नाहीं." कावळ्याने पंखात चोच घातली.

तेवढ्यात उन्मेष जिन्यातून वर आला. कावळा पाहून त्याचे डोळे विस्फारले. "अरे, हा इथे? ही अशीच पसरते, ही जात. जहाजांतून नव्या किनाऱ्यांवर जाते आणि तिथले पक्षी संपवते. कप्तानाला सांगायला हवं. जाळं लावून पकडून टाकू." आणि त्याने कमरेचा वायरलेस काढला.

त्याच क्षणी भोंगा वाजला आणि खालून शेकडो माणसांचा आवाज उठला. निळा देवमासा, जहाजाच्या अगदी कुशीला. एवढ्या प्रवासात ज्याची वाट पाहिली तो एकदाचा वर आला होता. उन्मेष वायरलेस तसाच धरून धावला. त्यामागून शेषाद्रींचाही पाय उचलला. या एका माशासाठी त्यांनी ती लेन्स उचलून आणली होती.

"शेषाद्री," व्यासराजराव म्हणाले.

शेषाद्री थांबले. खालून फवाऱ्याचा आवाज आला, लोकांचा हाऽऽ असा आवाज आला. व्यासराजरावांनी पानावरचा पिंड उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

शेषाद्रींनी लेन्स उतरवून भवानीबाईंच्या हातात दिली, दोन्ही हातांत पिंड घेतला आणि वाकून म्हणाले, "यावा अप्पा, बसावा." अप्पा कॉफीला खाली येत तेव्हा दार उघडताना ते रोज हेच म्हणत. व्यासराजरावांनी वरच्या मजल्यावरून ते रोज ऐकलं होतं.

कावळा कठड्यावरून उतरला, दोन उड्या मारत आला, आणि शेषाद्रींच्या हातातून पोट भरून जेवला. अगदी शेवटचं शीतसुद्धा उचललं. जेवून झाल्यावर त्याने चोच कठड्याला दोन्ही बाजूंनी पुसली, जाता जाता व्यासराजरावांकडे एकदा बघितलं आणि धुराड्यापलीकडे निघून गेला.

"अप्पाच," व्यासराजराव म्हणाले. "आणखी कोण असणार." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळे असं त्यांनी दोघांनाही न विचारता सांगितलं.

देवमासा तोवर बुडाला होता. शेषाद्रींनी पाण्याकडे पाहिलंही नाही. "दोघांनीं सकाळपासून कांहीं घेतलं नाहीं," ते म्हणाले. "माझ्या खोलींत कॉफीचा फिल्टर आहे. डिकॉक्शन काढलेलं आहे. तपासणीवाल्याला कुकर सांपडला, हें सांपडलं नाहीं."

तिघं खाली उतरले. शेषाद्रींनी कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून फेस आणला आणि पुढे केली. व्यासराजरावांनी आधी वास घेतला, मग रंग पाहिला, मग एक घोट घेतला आणि जिभेवर धरला. भवानीबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. व्यासराजरावांनी पेला तळापर्यंत रिकामा केला, शेवटचा फेससुद्धा बोटाने पुसून घेतला आणि शेषाद्रींच्या हातात परत दिला.

"चिकोरी फार आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "उद्यां किती वाजतां काढतां?"